भेगेचा तळ

माझ्या टेबलावर सध्या दोन कॅमेरे आहेत. एक मिररलेस, म्हणजे नव्या धर्तीचा मोठा कॅमेरा, दीड वर्षापूर्वी घेतलेला, ज्याच्या नुसत्या लेन्सचं वजन दुसऱ्या अख्ख्या कॅमेऱ्याच्या चौपट भरेल. दुसरा चंदेरी कॉम्पॅक्ट, शर्टाच्या खिशात मावणारा. चालू केला की त्याची लेन्स कुरकुरत बाहेर येते आणि कधीकधी अर्ध्यावरच अडते, मग पाठीत हलकी चापट मारावी लागते. महाडात चवदार तळ्यापासून दोन गल्ल्या सोडून माझा स्टुडिओ आहे. लग्नं, साखरपुडे, बारशी, शाळांची स्नेहसंमेलनं, यावर माझं चालतं. गिऱ्हाईक आलं की मी एकाच जागेचे दोन्ही कॅमेऱ्यांनी काढलेले फोटो शेजारी ठेवून फरक दाखवायचो. जुन्यात नवरीच्या मुंडावळ्यांखाली डोळ्यांच्या जागी नुसती सावली, नव्यात पापणीचा केस न् केस. गिऱ्हाईक नव्यावर बोट ठेवायचं, आणि मला बरं वाटायचं. हल्ली मी ते दाखवणं बंद केलं आहे.

आमची वाडी पोलादपूर तालुक्यात, उमरठच्या बाजूला, रस्ता सोडून वर चढून गेल्यावर. सहा घरं. माझा मोठा भाऊ आणि वहिनी तिथंच राहतात, मी दहावीनंतर खाली उतरलो तो उतरलोच. दरडींच्या एका वाईट पावसाळ्यानंतर घरांच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या उतारावर एक भेग दिसली. पन्नासेक पावलं लांब, हाताचा कोपर मावेल एवढी रुंद. भूगर्भवाले साहेब येऊन गेले. त्यांनी खुंट्या ठोकल्या, पट्टी बांधली आणि लक्ष ठेवा म्हणून सांगितलं. लक्ष ठेवायचं म्हणजे काय करायचं, ते कुणी सांगितलं नाही.

ते दादाने ठरवलं. दरवर्षी मे संपताना मी वर जायचं, बांधाच्या टोकाच्या ऐनाच्या झाडाशी उभं राहायचं आणि भेगेचा फोटो काढायचा. मग सहा घरांतली माणसं दादाच्या पडवीत बसायची, नवा फोटो मागच्या फोटोंशेजारी ठेवायची आणि बोलायची. भेगेच्या काठची माती भुसभुशीत, जवळ जायला सगळेच भ्यायचे, त्यामुळे जे काय बघायचं ते फोटोत. तलाठ्याची स्थलांतराची नोटीस दरसाल यायचीच, पण ती सगळ्या वाड्यांना सारखीच येते, तिचं कुणाला काय वाटणार. आमची वाडी फोटो बघून हलायची. आषाढ लागायच्या आत सामान घेऊन खालच्या शाळेत, ते थेट गणपतीच्या आधी परत वर. पट कमी झाला म्हणून ती शाळा बंद पडली होती. एका खोलीत तीन घरं, एक संडास, व्हरांड्यात चुली. दादा रोज सकाळी म्हशींची धार काढायला वर चढायचा. सगळे वैतागायचे, वहिनी तर जून उजाडला की अबोलाच धरायची, पण जायचे.

कारण सात वर्षं प्रत्येक फोटोत भेग काळी ठिक्कर होती. तो कॉम्पॅक्ट माझ्या मोटरसायकलच्या डिकीत पडलेला असायचा. चढणीवर, चिखलात पडला तरी जीव हळहळू नये असा. मेच्या उन्हात उतारावरचं गवत पांढरं पडलेलं, आणि मधून ही काळी रेघ. आत काय आहे ते दिसायचं नाही. बघणारा म्हणायचा, लय खोल हाय. झालं, बोचकी बांधायला सुरुवात.

यंदा मी मिररलेस घेऊन गेलो. खरं सांगायचं तर दादाच्या टोमण्यापायी. मागच्या साली माझ्या हातातला कॉम्पॅक्ट बघून तो सगळ्यांसमोर म्हणाला होता, लोकांच्या लग्नाला तोफ नेतोस आणि आमच्या डोंगराला टिकल्यांचं पिस्तूल. सगळे हसले, मीही हसलो, पण लागलं होतं. म्हणून यंदा मोठी बॅग पाठीवर घेऊन, घाम गाळत चढलो. तिवई लावली. ऐनाशीच उभा राहिलो आणि आठ-दहा फोटो घेतले.

स्टुडिओत आल्यावर संगणकावर फोटो उघडला आणि हात सवयीने चालला. लग्नाच्या फोटोत मी जे पहिलं करतो तेच केलं, सावल्या उजळल्या. नव्या कॅमेऱ्याच्या फाईलमध्ये काळोखातही पुष्कळ काही साठवलेलं असतं, नुसतं वर ओढून काढायचं. भेग उघडली. आत ओली माती दिसली, नेच्याची हिरवी पानं, वाळका पाला, एक पांढरा दगड. मी खूश झालो. भेगेचा इतका देखणा फोटो कुणी काढला नसेल, असा काहीतरी मूर्ख विचार तेव्हा माझ्या मनात आला होता. मोठ्या कागदावर सहा प्रती काढल्या, घरटी एक, आणि रविवारी नेऊन दिल्या.

पडवीत दादाने फोटो दोन्ही हातांनी धरला. बराच वेळ बघत राहिला. मग त्याने सगळ्यांना जवळ बोलावलं आणि पाल्यावर बोट ठेवलं.

"तळ दिसतोय. भेग भरत आली रे."

मला त्याच क्षणी कळलं. भेग भरली नव्हती. बदलला होता तो कॅमेरा. मागच्या सात फोटोंतही आत पाला असेल, नेचा असेल, जुन्या डबड्याला तो दिसत नव्हता इतकंच. हे सांगायला दोन वाक्यं पुरली असती. पण पडवीतली माणसं सात वर्षांत पहिल्यांदा मोकळी हसत होती. शेजारच्या काकूंनी पदर डोळ्याला लावला. वहिनीने मला चहात जास्तीची साखर घालून दिली आणि दादा सगळ्यांना सांगत सुटला, बघा, चांगली वस्तू ती चांगली वस्तू. मला त्या कौतुकाची हाव सुटली. शिवाय मलाही वाटत होतंच की भरली असावी. न भरल्याचा पुरावा तरी माझ्याकडे कुठं होता, अशी मी स्वतःची समजूत घातली. एवढंच म्हणालो, स्पष्ट आलाय खरा. आणि चहा प्यालो.

चार दिवसांनी दादाचा फोन आला. यंदा कोणीच खाली जात नाय, म्हणाला. मुंबईत असलेल्या पोरांनाही फोटो पाठवला होता, त्यांनीही हात जोडल्याच्या खुणा पाठवल्या होत्या. आवाजात इतका आनंद होता की मी बरं म्हणून फोन ठेवला. त्या दिवशी एका साखरपुड्याचा अल्बम लावायला बसलो होतो. एकही पान धड लागेना. मी मागचे सात फोटो काढले, टेबलावर मांडले, शेजारी नवा ठेवला आणि दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं.

जितकं बघितलं तितका मी स्वतःवर चिडत गेलो. जुन्या कॅमेऱ्याला दिसत नव्हतं म्हणून काळं उमटलं, आणि आम्ही त्याला खोल म्हणालो. नव्याला पाला दिसला, त्याला तळ म्हणालो. कॅमेऱ्यांचं काही चुकलं नव्हतं. तीस वर्षं धंदा करणारा मी, ज्याला हा फरक दोन्ही डोळे मिटून सांगता येतो, तो गिऱ्हाइकांना सांगत होता आणि सख्ख्या भावाला नाही.

दुसऱ्या दिवशी कॉम्पॅक्ट घेऊन वर गेलो. तीच जागा, तशीच दुपार. फोटो काढला आणि अंगणात उतरून लगेच स्क्रीनवर दादाला दाखवला. भेग काळी ठिक्कर. समजावून सांगितलं, हा आज आत्ता काढलाय, तोही या डब्याने, आणि बघ, तळ गेला. दादाला वाटलं मी त्याला घाबरवायला जुना कॅमेरा मुद्दाम आणलाय. एवढ्या चांगल्या कॅमेऱ्याला दिसलं ते खोटं आणि या डबड्याला न दिसलं ते खरं, हे कोणतं शहाणपण, असं तो म्हणाला, आणि त्याच्या बाजूने ते बरोबरच होतं. आमचे आवाज चढले. मी दिवे, सावल्या, सेन्सर असलं काहीबाही बोलत सुटलो. महाडातल्या गिऱ्हाइकांना मी हेच किती गोड बोलून समजावतो.

वहिनी इतका वेळ ओसरीच्या खांबाला टेकून ऐकत होती. ती आत गेली आणि आंबे उतरवायचा लांब बांबू घेऊन आली, टोकाची जाळी सोडून टाकलेली. कुणाला काही न विचारता चढाला लागली. आम्ही दोघं मागोमाग. वरच्या बाजूला कातळ आहे तिथून ती भेगेपाशी गेली, पोटावर पडली आणि बांबू आत सोडला. मी तिच्या साडीचा काष्टा धरून ठेवला होता, दादाने पाय. बांबू हातभर जाऊन पाल्यावर टेकला. तळ होता तो, आमच्या फोटोतला. वहिनीने जरा जोर दिला. पाला फाटल्याचा आवाज आला आणि बांबू सरसर खाली गेला, अख्खा, तिचा हात खांद्यापर्यंत आत जाईतोवर. खाली काही लागलं नाही.

ती उठून बसली. अंगाची माती झटकली आणि म्हणाली, "पाला अडकलावता मधी." मग म्हशींकडे निघून गेली, आणि संध्याकाळी पाहिलं तर तिने पातेली पोत्यात भरायला घेतली होती.

दादा कातळावरच बसून राहिला. मी त्याच्या शेजारी बसलो. खाली आमची सहा घरं दिसत होती. त्याने विचारलं.

"फोटो हातात दिलास तवा तुला ठाव होतं?"

खोटं बोलता आलं असतं. त्याला ते हवंही असावं.

"होतं," मी म्हणालो.

तो चिडला असता तर मला सोपं गेलं असतं. लहानपणी चिडला की तो सरळ हात उगारायचा. आता नुसता म्हणाला, "पाच घरांना मी सांगितलं होतं. आता तू सांग."

मी सांगितलं. प्रत्येक उंबऱ्यावर उभं राहून, माझा फोटो फसवा आहे, हे मला दिल्या दिवशी माहीत होतं, आणि मी बोललो नाही. एका घरातला माणूस माझ्याशी नंतर बोललेला नाही, त्याचं मला काही वाटत नाही. चार घरं हलायला तयार झाली. शेवटचं घर शेजारच्या काकांचं. काका सत्तरीच्या पुढचे, खुब्याचं ऑपरेशन झालेलं, काठीशिवाय उठत नाहीत. काकू मागच्या पावसाळ्यात शाळेच्या संडासाला जाताना निसरड्यावर पडल्या होत्या, तेव्हापासून त्यांचा एक हात पुरता वर जात नाही. मला पडवीत बसवून काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मी बांबूचंही सांगितलं. त्यांनी विचारलं, याच्या आधी कुणी बांबू घातला होता काय. मी नाही म्हणालो. मग आधी याहून खोल नव्हती आणि आता भरत नाही कशावरून, म्हणाले. मी म्हणालो, काका, मी तुम्हाला महाडला नेतो, माझ्या घरी, दोन महिने राहा. ते हसले. तुझ्या त्या बिनलिफ्टच्या तिसऱ्या मजल्यावर का रे, म्हणाले.

फोटो त्यांच्या भिंतीवर होता, देवांच्या फळीखाली. चारी कोपरे चिकटपट्टीने नीट लावलेले. मी तो परत मागितला. निदान तो नसला तर विचार बदलतील असं वाटलं. काकू उठल्या आणि फोटोपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"नको रे काढू. तो लावल्यापास्नं मला झोप लागते."

मी तरीही तासभर बोललो. तलाठ्याला फोन केला, तो दुसऱ्या दिवशी येऊन नोटीस देऊन गेला. दादाने काकांना पाठकुळी घेऊन नेतो म्हणून सांगितलं, वहिनीने काकूंच्या पायांना हात लावला. काका म्हणाले, मरायचंच तर सरळ घरात मरू, त्या संडासाच्या वाटेवर नको. ते रागाने नव्हते बोलले. काकूंनी मला निघताना आंब्याच्या साठाची वडी दिली.

आज आषाढातला सहावा दिवस. दादा सकाळी धारेला वर जातो, तेव्हा त्यांच्या दाराशी थांबून येतो. मी रोज नऊ वाजता त्याला फोन करतो, तो बरे हायत म्हणतो, आणि आम्ही दुसरं काही बोलत नाही. शाळेत पाच घरं आहेत. काका-काकू वर आहेत, आणि त्यांना झोप चांगली लागते.