एरर न दाबणारा

हिंगणघाटच्या आमच्या ऑफिसात वेबसाइटचे रंग आणि अक्षरं ठरवणारी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, माझा सहकारी सांभाळतो. कोडमधली चुकलेली ओळ ब्राउझर गुपचूप सोडून देतो; याची लायब्ररी काम थांबवून एरर दाखवते. एरर आला की पडद्यावर बोट ठेवून तो मोठ्यानं वाचतो.

आम्ही दोघंही घरातले पहिले ग्रॅज्युएट. नोकरीची किंमत दोघांनाही ठाऊक.

परवा एका दवाखान्याचं औषधांचं पान ग्राहकापुढे उघडलं आणि एररवर अडलं. साहेब याच्या कानाशी कुजबुजले, "काऊन अडून राह्यला बे? एरर दाबून टाक, पान चालू दे."

"दाबतो, साहेब. मंग 'लहान मुलांना देऊ नये' ही ओळ लाल दिसनार नाई. चालन?"

साहेबांनी ग्राहकाला थोडं थांबायला सांगितलं. वाट पाहून ग्राहक उठून गेला. यानं चूक दुरुस्त केली आणि रिकाम्या खुर्चीपुढे ती लाल ओळ बोट ठेवून मोठ्यानं वाचली.