आबांचा दम

हुतुतूत चढाई करणाऱ्याने एका दमात ‘हुतुतू’ म्हणत राहायचं, दम तुटला की बाद, हे सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या गावात मात्र ते मैदानाबाहेर बसलेले आबासुद्धा म्हणत. गडी आत, आबा बाहेर, आणि दोघांचा दम एकदमच सुरू! गडी परत येईपर्यंत हा गृहस्थ श्वास घ्यायचा नाही. डोळे बाहेर आलेले, मानेच्या शिरा टरारलेल्या, आणि शेजारचा पाठीवर थापट्या मारतोय, “आबा, सोडा की आता! कवाच आला गडी!”

आबा चाकणच्या कांद्याच्या बाजारात मापाडी होते. दिवसभर मापं ओरडून ओरडून आवाज असा तयार झालेला, की गाडीचे बैल दचकायचे. स्वतः मात्र जन्मात एक चढाई केलेली नव्हती. “आमी आत गेलो तर आदी आमचं प्वाट धरत्याल, मग आमाला,” असं स्वतःच सांगून हसायचे.

संघ हरला की आबा त्या दिवशी जेवत नसत. काकू करवादायच्या, “ती पोरं काय तुमच्या सासरची लागत्यात व्हय?” आबा म्हणत, “सासरचं हरलं असतं तर दोन भाकरी जास्त खाल्ल्या असत्या!” पुढेपुढे काकू सामन्याच्या दिवशी आबांची भाकरी थापतच नसत. आमच्या संघावर त्यांचा एवढा विश्वास.

आणि तो काही चुकीचा नव्हता. जत्रेतल्या ढालीसाठी तळवडेकरांशी आमची गाठ पडायची, आणि ओळीने सहा वर्षं आम्ही सपाटून मार खाल्ला होता. सातव्या वर्षी मात्र गुण बरोबरीत आले आणि शेवटची चढाई माझ्या वाट्याला. मी तेव्हा पिंपरीच्या एका कंपनीत नुकताच चिकटलो होतो. रोज सायकल हाणून मांड्या भरलेल्या, पण छाती यथातथाच. एकाला शिवलो आणि वळलो, तोच दोघांनी घोटे धरले. मी सरपटत निघालो. मधली रेघ दोन हात राहिली, आणि माझा दम तुटला.

तोंड बंद झालं, पण ‘हुतुतू’ चालूच! रेघेच्या टोकाशी उकिडवे बसलेले आबा लालबुंद होऊन एकटेच ओढत होते. पंचांची नजर माझ्या हाताकडे आणि कान आबांकडे. हात रेघेवर पडला, शिट्टी वाजली, पंचांनी गुण आम्हाला दिला. पोरांनी मला खांद्यावर घेतलं. मला सगळं कळलं होतं. मी हसत राहिलो.

आबा रडत होते, नाचत होते. मधेच थांबले. माझ्याकडे नुसतं बघत राहिले. मग गर्दी सारत पंचांपुढे गेले. “पंच, रेघेपाशी आवाज माजा व्हता. पोराचा न्हाई.” पंचांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली, तेवढं त्यांना पुरलं. चढाई बाद, आणि ढाल तळवड्याला.

काय सांगू राव, गाव खवळलं! “सात वर्सांनी घास तोंडाशी आला आन् ह्यानं काढून घेतला!” आबा म्हणाले, “पोराचा दम पुरला असता. मीच वरडून त्याला बुजवला.” धादांत खोटं! आयुष्यात मापात कधी खोटं न बोललेला माणूस माझ्यासाठी खोटं बोलला, आणि मी तेही ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून आबांशी कुणी बोलेना. पारावर ते येऊन बसले की माणसं उठायची. मग ते यायचेच बंद झाले.

आठ दिवस मी कसे काढले माझं मला माहीत. नवव्या दिवशी संध्याकाळी पारावर उभा राहिलो आणि एकदाचं ओकलो, “आबांनी मला बुजवलं न्हाई. माजाच दम तुटला व्हता, आन् मला ते तवाच कळलं व्हतं.” वाटलं, आता जोडे पडणार. पण आमचा कप्तान उठला आणि म्हणाला, “चला.”

सगळा संघ आबांच्या दारात. कप्तानाने मला पुढे ढकलून कडी वाजवली, “आबा, चुकलं आमचं. आन् ह्या गनपाला काय सांगायचंय...”

दार उघडलं नाही. आतून तो बैल दचकवणारा आवाज मात्र आला, “ते समदं ऱ्हाऊ द्या! फुडच्या वर्साला शेवटच्या चढाईला कोन जानार, ते आदी सांगा!”