चौदा नंबरची बरणी

महाजन सर आमच्या प्रॅक्टिकल फाइलमधला रंग थुंकी लावून पुसायचे. अंगठा जिभेला लावायचा, चित्रावर घासायचा आणि कागद फाटायला आला तरी थांबायचं नाही. माझी पहिली फाइल त्यांनी अशीच नासवली. चार संध्याकाळी खपून रंगवलेला माझा गुलाबी मासा त्यांच्या अंगठ्याला लागला, तो अंगठा त्यांनी पँटला पुसला आणि विचारलं, "रंग तुले कोनी सांगतला? तू पाह्यलं का?" त्या दिवशी तो माणूस माझ्या डोक्यात गेला तो गेलाच.

हा मासा बऱ्हाणपूरच्या आमच्या कॉलेजातल्या चौदा नंबरच्या बरणीत होता. रॅस कुळातला, खोल समुद्रातल्या प्रवाळांवर राहणारा, बोटभर लांबीचा. जिवंतपणी तो लाल, जांभळा, पिवळा झगमगतो असं पुस्तकात होतं. आमचा फॉर्मालिनमध्ये राहून राहून उकडलेल्या बटाट्यासारखा पांढरा पडला होता आणि त्याचे परही झडले होते. बरणीवर कुणीतरी फार पूर्वी चिठ्ठी चिकटवली होती, 'नर'. मुली वरच्या वर्गाच्या फाइलमधून गुलाबी रंग आणि 'नर' हे दोन्ही वर्षानुवर्षं उतरवत आल्या होत्या. समुद्र आमच्यापैकी कुणीच पाहिला नव्हता, सरांनीही नाही.

माझे वडील पेपर मिलमध्ये होते आणि मी तिथल्या कॉलनीतून बसने यायची, म्हणून सर मला 'मिलवाली' म्हणायचे. तीन वर्षांत एकदाही नावाने हाक मारली नाही. बस चुकून उशीर झाला तर दाराबाहेर उभं करायचे आणि आतून मुद्दाम मोठ्याने शिकवायचे. शिकवायचे मात्र उत्तम, हे कबूल करताना मला आजही त्रास होतो. या माशात सगळे वाढतात मादी म्हणून, थव्यातला नर मेला की सगळ्यात दांडगी मादी थोड्याच दिवसांत नर होते आणि तिचा रंगही पालटतो, हे मी दाराबाहेर उभी राहूनच शिकले.

"फोपनारले माझ्या बापाची केळी हाय," ते म्हणायचे. "नुसता खांब पाहून घडाला केळी किती, हे माझा बापबी सांगत नाही. मंग तुम्ही बिनरंगाचा मासा पाहून नर कसा म्हनता? लिहा, सांगता येत नाही." मासा कापून पाहायची परवानगी नव्हती, त्यामुळे दुसरं उत्तरही नव्हतं. चिठ्ठी काढून का टाकत नाही, असं मी एकदा विचारलं. ते काम विभागप्रमुख साहेबांचं, म्हणाले.

शेवटच्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला बाहेरचे परीक्षक आले. मांडलेल्या बरण्यांतले प्राणी ओळखून नर की मादी तेही लिहायचं होतं आणि त्यात चौदा नंबर होती. बाकी सगळ्या मुलींनी चिठ्ठी पाहून 'नर' लिहिलं. मी लिहिलं, "या नमुन्यावरून लिंग सांगता येत नाही," आणि खाली कारण दिलं. परीक्षकांनी बरणीवरची चिठ्ठी बोटाने दाखवली, वाचता येत नाही का म्हणून विचारलं आणि उत्तरावर काट मारली. सर त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी बशीत चहा ओतला आणि फुंकर मारत बसले.

दोन मार्कांनी माझी इंदूरची एम.एस्सी.ची जागा गेली. पुढची दोन वर्षं मी कॉलनीतल्या मुलांच्या शिकवण्या घेतल्या आणि रोज त्या बशीची आठवण काढून जळले. उशिरा का होईना एम.एस्सी. केलं, आणि नशीब असं की त्याच विभागात अतिथी विद्वान, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शिकवणारी, म्हणून लागले. सरही आयुष्यभर अतिथी विद्वानच होते. या नोकरीत दरवर्षी यादी निघते, यादीत नाव आलं तर वर्ष निघतं.

गेल्या वर्षी सर आजारी असल्याचं कळलं आणि मी राजपुऱ्यात त्यांच्या घरी गेले. विचारपूस करायला नव्हे, भांडायला. आधी मोबाइलवर त्याच माशाचा व्हिडिओ दाखवला. खोल पाण्यात दिव्याच्या झोतात तो लालभडक चमकत होता. सरांनी तो तीनदा पाहिला. मग दिवा नसताना कसा दिसतो, असं विचारलं. तितक्या खोल लाल उजेड पोचत नाही, त्यामुळे काळपट, मी म्हटलं. त्यांनी मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद होता, आणि तो पाहून मला आणखीच राग आला.

मी म्हटलं, "सर, माझं उत्तर बरोबर होतं. तुम्ही गप्प का बसलात?"

"तुझं बरोबर होतं," ते म्हणाले. "यादी त्या परीक्षकाच्या हातात होती. मले तवा तू दिसलीच नाही. नौकरी दिसली."

माफी त्यांनी मागितली नाही. मागितली असती तरी मी दिली नसती. त्यांच्या बायकोने आणलेला चहा तसाच ठेवून मी उठले. दोन महिन्यांनी सर वारले, मी गेले नाही.

यंदाच्या प्रॅक्टिकलला खंडव्याहून परीक्षक आले होते. यादीच्या समितीवर तेच आहेत, हे सगळ्या विभागाला ठाऊक होतं. एका मुलीने चौदा नंबरसमोर 'सांगता येत नाही' लिहिलं, कारण मी तसंच शिकवते. मीही चिठ्ठी काढलेली नव्हती, हे मला तेव्हा आठवलं. परीक्षकांनी चिठ्ठीकडे पाहिलं आणि काट मारायला पेन उचललं. ती मुलगी माझ्याकडे पाहत होती. माझ्यासमोरही चहा होता.

परीक्षकांशी मी सकाळपासून हिंदीत बोलत होते. पण आता तोंडातून निघालं ते भलतंच.

"सर, तुम्ही पाह्यलं का?"

मी उठून बरणी त्यांच्यासमोर ठेवली, चिठ्ठी नखाने खरवडून काढली आणि आता नर की मादी ते सांगा म्हटलं. त्यांनी बरणी फिरवून पाहिली, चिडले, आणि मार्क दिले. पुढच्या यादीत माझं नाव येईलसं वाटत नाही.

ते वाक्य महाजन सरांचं होतं. ते आयुष्यभर त्यांनी आमच्यासारख्या पोरींवर वापरलं. एकदाच, त्या खुर्चीवर बसून, वापरायला हवं होतं. त्याचा राग मला अजूनही येतो.