आसन नसलेली पॅन्ट

अन्याय माझ्या वडिलांवर झाला. गेल्या खंडेनवमीला, दुपारी, वाळूजच्या कंपनीत, पंगतीत वरण-भात वाढायला सुरुवात झाली तेव्हा. त्यांच्या शेजारची जागा रिकामी राहिली. ती माझी होती, आणि मी त्यांच्यासमोरच बादली घेऊन उभा होतो.

कारण लिहितो. कारण इतकं फडतूस आहे की आत्ता लिहितानाही कान तापतात. माझी पॅन्ट.

कॉलेजात असल्यापासून मी पत्रकं लिहायचो, गेटवर सभा घ्यायचो. वसतिगृहाच्या पाण्यावर, बसच्या पासवर, कंत्राटी कामगारांवर. ‘जाहीर निषेध’ हे शब्द मी झोपेतसुद्धा न चुकता लिहीन. पण निषेधावर घर चालत नाही. माझे वडील, अण्णा, ज्या कंपनीत लेथवर उभं राहून म्हातारे झाले, तिथंच मला टाइम ऑफिसात, कामगारांची हजेरी बघायला घेतलं. कपड्यांची अट होती: फॉर्मल पॅन्ट. जीन्स चालणार नाही.

त्या अटीपायी मी गुलमंडीचा सगळा बाजार पालथा घातला. ज्यांत माणूस आरामात मावेल अशा पॅन्टा होत्या, पण त्या नुसत्या हात लावून बघायच्या. परवडणाऱ्या सगळ्या एकाच साच्यातल्या. मांडीला चिकटलेल्या, घोट्याला आवळलेल्या आणि कमरेपर्यंत पोचायच्या आधीच संपलेल्या. ट्रायल रूममध्ये नीट वाकायलाही जागा नव्हती.

“जरा ढिली नाही का?” मी विचारलं.

“ढीली लोगे तो चाचा दिखोगे भाई. यहीच चल रा आजकल.”

“बैठने को टाइट होती ना पण.”

“ऑफिस में कुर्सी रहती ना? नीचे बैठके क्या भजन करना है?”

दुकानातली सगळी हसली. मीही हसलो, आणि दोन बांधून घेतल्या. गेटवर माइक धरून मालकाला जाब विचारणारा माणूस, काउंटरपलीकडच्या पोरानं चाचा म्हणू नये म्हणून गप्प बसला.

खुर्चीवर चालून गेलं. गाडीवरून उतरलं की मागं हात फिरवून शिवण तपासायची सवय लागली. पेन खाली पडलं तर ते तिथंच राहू द्यायचो, दुसरं घ्यायचो.

मग खंडेनवमी आली. आमच्या कंपनीत त्या दिवशी मशीन धुऊन, झेंडूच्या माळा घालून पूजा होते आणि शेडमध्येच सतरंज्यांवर पंगत बसते. वर्षातला तेवढा एकच दिवस साहेब आणि कामगार एका ओळीत जेवतात. अण्णा मार्चमध्ये रिटायर होणार होते, म्हणजे ही त्यांची शेवटची पंगत. त्यांनी शेजारी रुमाल टाकून जागा धरली होती. जो येईल त्याला सांगत होते, “इथं नगं, पुढं सरक. पोरगं बसणार हाय.”

मी आलो. गुडघे वाकवले. अर्ध्यातच मागं शिवण टरकली. आवाज बारीकच होता, मला एकट्याला ऐकू आला. मी तसाच ताठ झालो, शर्ट बाहेर ओढला आणि वाढणाऱ्याच्या हातातली बादली घेतली. “द्या, मी वाढतो.”

मॅनेजर साहेब मांडी घालूनच ओरडले, “बघा! याला म्हणतात कार्यकर्ता!” काहींनी टाळ्या वाजवल्या. एवढ्या खोट्या टाळ्या मला कुठल्याच सभेत मिळाल्या नाहीत.

मग अण्णांच्या पलीकडून त्यांचा लेथवरचा जोडीदार बोलला, “काय हो, पोरगं लई मोठं साहेब झालं की तुमचं. खाली बसंना!”

“व्हय,” ओळीतल्या आणखी एकानं री ओढली. “बापाशेजारी बसलं तर इस्त्री मोडंल ना त्याची.”

हसले सगळे. अण्णा पत्रावळीकडं बघत म्हणाले, “काम करू द्या त्याला.”

ओळीनं वाढत मी त्यांच्यासमोर आलो. हळू आवाजात म्हणाले, “बस की आता.”

“आलोच अण्णा,” म्हणून मी पळीभर वरण पुढं केलं. त्यांनी भातावर हात आडवा धरला.

“बस्स.”

पुढच्या वेळी वळून पाहिलं तेव्हा रुमाल घडी होऊन त्यांच्या खिशात गेला होता.

एक वाक्य पुरलं असतं. ‘अण्णा, पॅन्ट फाटली.’ पंगत खदखदून हसली असती, कुणीतरी टॉवेल फेकला असता, तो गुंडाळून मी जेवलो असतो. मला लाज माझ्या स्वस्त पॅन्टची वाटत होती. त्यांना वाटलं, मला त्यांची लाज वाटते.

दसऱ्याला सकाळी ती पॅन्ट दोरीवर वाळत होती. अण्णांनी उसवलेल्या जागेत बोटं घातली, दोन्ही पाय जिथं जुळतात तो भाग ताणून पाहिला. शिवणकामात त्या भागाला आसन म्हणतात.

“हिला आसनच नाय की रे. बसशील कसा?” मग माझ्याकडं न बघता, “काल बोलला का नाय?”

मी दोरीवरचे चिमटे काढू लागलो.

“मला वाटलं…” म्हणाले आणि तिथंच थांबले. आत गेले, कपाट उघडलं. आमच्याकडं आहेरात आलेला पॅन्टपीस कुणी शिवत नाही, पुढच्या लग्नात दुसऱ्याला देतात. तसलाच एक, मातकट रंगाचा, माझ्या हातात ठेवला. “शिवून घे. आसन मोकळं ठिव म्हणावं.”

ती पॅन्ट मी घालतो. चाचा दिसतो. मजेत मांडी घालून बसतो. पण मार्चमध्ये अण्णांचा निरोप झाला तो बुफेवर, उभ्या उभ्या. बसायची पंगत होऊन गेली होती.

म्हणून वाचणाऱ्या मित्रा, मागणी तुझ्याकडं आहे. पुढची पॅन्ट घेशील तेव्हा दुकानातच, सगळ्यांसमोर, फरशीवर मांडी घाल. हसू दे त्यांना. बसता आलं नाही तर काढून काउंटरवर ठेव आणि चालता हो. आणि असली घेऊन बसला असशीलच, तरी तुझ्यासाठी कुणी रुमाल टाकून जागा धरली असेल तिथं उभा राहू नकोस. फाटली तर फाटू दे. बस.