पडशावर तालमीचा उपाय

ही गोष्ट मी बायकोलाही कधी सांगितली नाही. विषय तिकडं वळतोय असं वाटलं की उठून गोठ्यात जायचो. आता घरात ऐकणारं कुणी उरलं नाही, म्हणून लिहितो आहे.

पिंपरीत आमच्या शेतालगत कारखाना उभा राहत होता. तिथं कामाला लागलेला कोकणातला एक तरुण आमच्या पडवीत राहायला आला. मला दादा म्हणायचा. भाऊ नसलेल्या मला ते फार आवडायचं. संध्याकाळी आम्ही दोघं गावच्या तालमीत जायचो.

एकदा त्याला पडसं झालं. नाक मोकळं झालं, तरी त्याचा चेहरा उतरलेलाच. विहिरीवरून बादली आणली की पायरीवर बसायचा.

"दादा, छातीत धडधडतंय. आज राहू दे."

"भातानं फुगलेलं अंग तुझं. घाम काढ, उरलंसुरलं पडसं कुठल्या कुठं पळंल."

आमच्याकडं पडशावर तोच उपाय होता: लंगोट लावून जोर मारायचे, अंगाला माती चोळायची. माझ्या शब्दाखातर तो आखाड्यात उतरला. मध्येच मातीत बसला. ओठ निळसर झाले होते.

"नाटकं पुरे," मी म्हणालो.

त्यानं जोर मारायला पुन्हा मातीत हात टेकले आणि तसाच कोसळला.

ट्रकमधून पुण्याला इस्पितळात नेलं. डॉक्टरांनी नाडी धरली, पायावर बोट दाबून सूज पाहिली.

"ताप नाही, तरी नाडी एवढी पळतेय. इतक्यात सर्दी झाली होती?"

मी होय म्हणून मान हलवली. हृदयाचा आलेख काढून ते त्याच्या खाटेशी आले. "सर्दीनंतर तुमच्या हृदयाच्या स्नायूला सूज आली आहे. अशात पडून राहायचं असतं. दम लागत असताना मेहनत करायला कुणी सांगितलं?"



"कोणी नाही," तो म्हणाला. "मलाच हौस."

तो वाचला. पण जड काम कायमचं सुटलं, म्हणून गावी निघाला. पडवी रिकामी झाली. तालमीत मी पुन्हा गेलो नाही. संध्याकाळी दारात नुसता बसायचो.

निघाला त्या दिवशी एसटीच्या खिडकीशी उभा राहिलो. शब्द जुळवून आलो होतो.

"जपून राहा," एवढंच म्हणालो.

"तुम्ही पण, दादा."

काही वर्षांनी तो गेल्याचं कळलं. डॉक्टरांनी विचारलं तेव्हाच बोलायला हवं होतं, निदान त्या खिडकीशी तरी: मीच सांगितलं होतं. माझं चुकलं रे, मला माफ कर.