माधवरावांची ओळ

हे मी आजवर कुणापुढेही उच्चारलेले नाही — पत्नीपुढे नाही, देवापुढेही नाही. झाशीच्या कचेरीत बसून लोकांची गाऱ्हाणी आणि माफीनामे लिहिण्यात माझे आयुष्य गेले. गरौठ्याहून, टहरौलीहून माणसे माझे नाव विचारत येतात. दहावी माझी राहिली, हे खरे. पण माझ्या मसुद्यातला शब्द हाकीमसुद्धा बदलत नाहीत, हेही खरे. मग स्वतःविषयी लिहितानाच हात का अडखळावा? तुम्हाला मित्र समजून लिहितो आहे — तरीही अडखळतो.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. अर्ज कुणाचाही असो, खाली कोपऱ्यात तो लिहिणाऱ्याचे नाव येते. माझे नाव गाळले म्हणून मी एकदा एका वकिलाशी भर कचेरीत भांडलो होतो. त्यामुळे नावाची किंमत मला ठाऊक नव्हती, असे म्हणण्याची सोय नाही.

माधवराव शेजारच्या टेबलावर अर्ज लिहीत. तेही मराठी, वयाने वडील. लोक आधी त्यांच्याकडे जात, गर्दी असली तर माझ्याकडे. ते वारले तेव्हा मला — लिहूनच टाकतो — हलके वाटले.

पुढे त्यांची मुलगी शुभदा कचेरीत आली. चिरगाँवला ती कॉम्प्युटर शिकवत असे. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला हिंदी अर्ज युनिकोडमध्ये बदलून कोर्टाला हवा तसा मांडून देणारा एक प्रोग्राम तिने बनवला होता. तो तिने प्रत्येक टेबलावरच्या कॉम्प्युटरवर स्वतः बसवून दिला, पैसे न घेता. त्याचे लायसन्सही मला समजावले. “काका, वापरा, आत कसा लिहिलाय ते उघडून पाहा, बदला, वाटा, विकलात तरी चालेल. अटी दोनच. नावाची ओळ काढायची नाही. आणि ज्याला द्याल त्याला आतला कोडही द्यायचा, म्हणजे तुम्हाला आहे तीच मोकळीक त्यालाही राहील.”

ती ओळ प्रोग्राम उघडताच दिसे: शुभदाचे नाव, आणि त्यापुढे ‘बाबांच्या, माधवरावांच्या आठवणीत’. म्हणजे रोज सकाळी काम सुरू करण्याआधी मला माधवराव वाचावे लागत. समजते आहे ना तुम्हाला? मेलेला माणूस माझ्या टेबलावर माझ्याआधी येऊन बसत होता.

कोड उघडाच होता. एका टायपिस्टला हाताशी धरून मी ती ओळ काढवली, तिथे माझे नाव घातले, खाली ‘सर्व हक्क सुरक्षित’ असे लिहवले. मग आतला कोड न देता नुसता प्रोग्राम माझा म्हणून सगळीकडे वाटला. कचेरीतल्या टेबलांवरही हाच बसवला. तिने मला काय दिले नव्हते? विकण्याचाही हक्क दिला होता. स्वतःकडे तिने जेवढे राखले, नेमके तेवढेच मी उचलले.

इथवर चोरी झाली. क्रूरपणा पुढे आहे.

एका कॉलेजात शुभदाला नोकरी लागत होती, आणि दाखवायला तिच्याजवळ मुख्य काम हेच. प्राचार्यांनी कचेरीत चौकशी केली, तर प्रत्येक पडद्यावर माझे नाव. ती धावत माझ्याकडे आली. “काका, त्यांना खरं काय ते सांगा. इथे माझं नाव नसलं तरी चालेल, बाबांचं तेवढं राहू द्या.” ती आपल्या मराठीत बोलत होती. मी उत्तर हिंदीत दिले — मुद्दाम, सगळ्या टेबलांना ऐकू जावे म्हणून.

“बिटिया, जो मुफ़्त में बाँट दिया, उस पर नाम कैसा? भंडारे की पूड़ी पर हलवाई का नाम छपता है क्या?”

“वाह पंडितजी!” कुणीतरी ओरडले. टेबले हसली. मीही हसलो.

तेवढ्यावर थांबलो असतो तर? थांबलो नाही. तिच्या डोळ्यांदेखत कागद ओढला आणि प्राचार्यांच्या नावे तक्रार लिहिली — सदर महिलेने आमचा प्रोग्राम चोरून स्वतःचा म्हणून दाखवला आहे. ज्यांना तिने तो बसवून दिला होता, त्यांनीच खाली सह्या करून आपापले शिक्के मारले. ती उभ्याने सगळे वाचत होती. आणि माझे लक्ष कुठे होते? भाषा फार सुरेख उतरली होती — तिथे.

आपला कोड इंटरनेटवर कधी ठेवला, त्याच्या तारखा तिने प्राचार्यांना दाखवल्या. त्यांना तारखा कळल्या नाहीत, शिक्के कळले. “कचहरीवालों से कौन उलझे,” असे म्हणून त्यांनी ती नोकरी दुसऱ्याला दिली.

ती दाद मागू शकली असती. लायसन्स तिच्या बाजूचे होते. पण अर्ज लिहवून घ्यायला ती कुणाच्या टेबलापुढे बसणार होती?

मूळ प्रोग्राम तिने इंटरनेटवर अजूनही सर्वांसाठी उघडा ठेवला आहे, आणि सर्वांत मीही आलोच. कोर्टाचे नियम बदलले की ती तो दुरुस्त करते. मी तो उतरवून घेतो आणि ती ओळ पुन्हा काढतो. गेल्या आठवड्यातही काढली. आता त्यासाठी टायपिस्ट लागत नाही. ते माझे मलाच येते.