कमरपट्ट्यातली चार बोटं

सुनेचं डोहाळजेवण मी कुणाला कंत्राट देऊन करणार नाही, हे तिला दिवस गेल्याचं कळलं त्याच आठवड्यात मी जाहीर करून टाकलं होतं. लोणावळ्यात आता त्याचीही माणसं मिळतात. फोन केला की टेम्पो येतो, फुगे फुगतात, मागे चकचकीत पडदा लागतो, पोरीच्या गळ्यात ‘मॉम टू बी’ लिहिलेला पट्टा अडकवला जातो आणि चार तासांनी तेच सगळं गुंडाळून पुढच्या घरी. जळलं मेलं ते! बत्तीस वर्षं मी शाळेत शिवणकाम आणि हस्तकला शिकवली. आमच्या तुंगार्लीत भाजीवाल्यापासून सगळे मला अजून ‘बाई’ म्हणतात. आणि माझ्या घरात भाड्याचे फुगे?

सून नुसती हसली. “आई, तुम्ही म्हणाल तसं.” ती पवनानगरकडची, शेतकऱ्याघरची. आंबीच्या एका कारखान्यात स्टोअरला होती. रोज सकाळी स्कूटर काढून हायवेपर्यंत जायची आणि तिथून कंपनीची बस पकडायची. नोकरीवर तिचा भारी जीव. कुठला नटबोल्ट कुठल्या रॅकवर आहे हे साहेबांना सापडत नाही आणि मला झोपेतही सांगता येतं, असं ऐटीत सांगायची. “खड्डे बघून चालव गं,” एवढं मी म्हणायचे, पण मनातून मला तिचा अभिमान होता.

डोहाळजेवण आलं ऑगस्टात. लोणावळ्यातला ऑगस्ट म्हणजे वाळत घातलेलं कापड आठवडाभर वाळत नाही आणि कागद हातात धरला तरी सादळतो. मी आधी क्रेप कागदाची फुलं केली, ती दोन दिवसांत मान टाकून बसली. मग म्हटलं, कापडच घ्यावं. साटिनच्या पट्ट्या आणल्या, मेणबत्तीवर कडा शेकून पाकळ्या केल्या. पुठ्ठ्याचा चंद्र कापून त्यावर जुन्या साडीची जर लावली. धनुष्यबाण केला, मुकुट केला, बाजूबंद केले. आणि सगळ्यात शेवटी कमरपट्टा. रुंद हिरव्या पट्टीवर पांढरी आणि केशरी फुलं, मागे हूक.

कमरपट्ट्याचं माप मी कार्यक्रमाच्या तीन आठवडे आधी घेतलं. टेप लावली, आकडा वहीत लिहिला आणि पट्टी चार बोटं जास्त ठेवून कापली. सातव्या महिन्यातल्या बाईचं पोट तीन आठवड्यांत तेवढं वाढणारच. शिवणाऱ्या बाईला हे कुणी शिकवावं लागत नाही. शाळेत मुलींना सांगायचे ना मी, अंग वाढतं, कापड वाढत नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी हिरवी साडी नेसवून झाली, मुकुट लागला, बाजूबंद बांधले. मग मी कमरपट्टा बांधला आणि मागे चार बोटं पट्टी लोंबत राहिली. बरोब्बर चार बोटं. तीन आठवड्यांत पोट दोऱ्याएवढंही वाढलेलं नव्हतं.

हे मला दिसलं. उगाच आता शहाणपण म्हणून सांगत नाही, त्याच क्षणी दिसलं. पण बाहेर हॉलमध्ये पंचवीस बायका बसलेल्या, मसालेभाताचं पातेलं गॅसवर, लेक दारातून ओरडतोय, “आई, फोटोवाला आलाय!” मी लोंबणारी पट्टी आत दुमडली, सेफ्टी पिन मारली आणि वर तिलाच म्हणाले, “भाग्याची आहेस बाई. अजिबात सुटली नाहीस.” ती आरशात वळून बघून खूष झाली.

कार्यक्रम काय झाला म्हणून सांगू! पाच जणींनी ओटी भरली. बायकांनी डोहाळ्यांची गाणी म्हटली. झाकलेल्या वाट्यांमधून सुनेनं बर्फीची वाटी उचलली तसा ‘मुलगी, मुलगी’ असा गलका झाला. मग मी काढला माझा हुकमी खेळ. मोबाइलवर बघितला होता आणि मला फार आवडला होता. लोकरीचा गुंडा फिरवायचा, प्रत्येकीनं नुसत्या अंदाजानं पोटाच्या घेराएवढा तुकडा कापायचा, मग तो पोटाभोवती लावून बघायचा. जिचा बरोबर जुळेल तिला बक्षीस.

एकेक तुकडा लागायला लागला आणि हसून हसून पुरेवाट झाली. कुणाचा वीतभर लांब, कुणाचा त्याहून जास्त. “अगं, पोट आहे की पाण्याची टाकी?” “जुळी धरलीस की काय तू?” एकीचाही आखूड पडेना. शेवटी माझा लावला. टोकाला टोक लागलं. टाळ्या पडल्या. “सासूबाईंची नजर बघा!” कुणीतरी म्हणालं. मीच शिवलेला पोळ्यांचा रुमाल मीच बक्षीस म्हणून घेतला आणि फोटोला हसले. माप मला ठाऊक होतं म्हणून जिंकले, हे सांगितलं नाही. गंमत म्हणून नाही सांगितलं, असं तेव्हा वाटलं होतं.

विहीणबाईंबरोबर त्यांची थोरली जाऊ आली होती, म्हणजे सुनेची मोठी काकू. सत्तरीच्या, काटक, जाड भिंगांचा चष्मा. पूर्वी त्या सुईणपण करायच्या आणि गावातली निम्मी माणसं त्यांच्या हातावर जन्मलेली, असं सून कौतुकानं सांगायची. त्यांनी लोकर कापली नाही. गुंडा आला तसा पुढे दिला. फक्त सगळं झाल्यावर सुनेजवळ गेल्या, तिच्या पोटावरून हात फिरवला, कानशिलावर बोटं मोडली आणि माझ्यामागोमाग स्वयंपाकघरात आल्या.

“बाई, राग मानू नका,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “पोरीचं पोट बारीक हाय. सातवा सरला, पर पोट सातव्याचं न्हाई. बेंबीच्या वर माजा पंजा बसाया पायजे व्हता, दोनच बोटं बसत्यात.”

मी जिलेबी ताटात मांडत होते. “मावशी, असतं एकेकीचं बारीक. अंगलट असते.”

“असंल. पर ती लोकर बघितली न्हवं तुमी? समद्यांची लांब निघाली. दोन-दोन, तीन-तीन लेकरांच्या आया त्या. समद्या एकदम चुकत्यात व्हय?”

मला राग आला. खरं म्हणजे भीती वाटली होती, पण माझ्या भीतीला पहिल्यापासून रागाचंच तोंड आहे. “मावशी, शुभकार्याच्या दिवशी असलं बोलू नये! सोनोग्राफी झालीये तिची, सगळं नॉर्मल आहे.” सोनोग्राफी पाचव्यात झाली होती, हे मी गिळलं.

त्या हलल्या नाहीत. “माज्या जावंला म्या काय सांगत न्हाई. मुलीकडची माणसं खोड काढत्यात असं व्हायचं. पोरगी आता तुमची. तुमीच उद्या दवाखान्यात न्या.”

आता ह्या बाहेर जाऊन बोलल्या तर? बायका कुजबुजतील, सून रडेल, माझ्या तीन आठवड्यांच्या मेहनतीवर पाणी पडेल. हेच आलं माझ्या मनात, देवाशप्पथ हेच. “हो हो, नेते उद्याच,” मी म्हणाले.

त्यांचा चेहरा एकदम सैल झाला. “बाईंनी शब्द दिला, झालं तर मग,” म्हणाल्या आणि जिलेबीचं ताट माझ्या हातातून घेऊन बाहेर वाढायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी धो धो पाऊस होता. घरभर पसारा, दुखरे पाय, फोटो बघायला आलेल्या शेजारणी. सून म्हणाली, “किती छान झालं हो सगळं.” तपासणीची तारीख तशीही अकरा दिवसांवर होती. म्हटलं, तेव्हा जाऊच की. अकरा दिवसांनी काय बिघडतंय?

अकरा दिवसांनी डॉक्टरांनी पोटावर टेप लावली, परत लावली आणि लगेच सोनोग्राफी करायला लावली. बाळाची वाढ थांबली होती. पाणी कमी झालं होतं. त्याच दुपारी गाडी घालून तळेगावला मोठ्या हॉस्पिटलात नेलं आणि संध्याकाळी सिझर केलं. नात जन्मली ती एक किलो तीनशे ग्रॅमची. काचेच्या पेटीत तिला बघितलं तेव्हा तिचा हात माझ्या करंगळीएवढा होता.

तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, “घरी कुणाच्या काही लक्षात आलं नाही का?”

मी म्हणाले, “नाही.”

चौथ्या दिवशी मावशी आल्या. पवनानगरहून जीप, मग बस, असं करत एकट्या. काचेतून बघितलं, पदरानं डोळे पुसले आणि मला बाजूला घेऊन विचारलं, “दुसऱ्या दिशी नेलं व्हतं न्हवं?”

मी म्हणाले, “हो.”

“मग तुमच्याकडनं काय कमी न्हाई पडलं,” त्या म्हणाल्या आणि वर माझ्याच पाठीवरून हात फिरवला. मला त्या वेळी जमिनीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. पण मी तशीच उभी राहिले आणि त्यांचा हात फिरवून घेतला.

सव्वा महिन्यानं नात घरी आली. जगली, रुजली, आता तर घर डोक्यावर घेते. पुढे एकदा ओळखीच्या एका डॉक्टरांना मी दुसऱ्याच कुणाचं नाव सांगून विचारलं, अकरा दिवस आधी नेलं असतं तर फरक पडला असता का? म्हणाले, सांगता येत नाही, पण लवकर आणायला हवं होतं. ‘सांगता येत नाही’ एवढंच धरून बसायचा मी पुष्कळ प्रयत्न केला.

पण नात सावरली तशी सून नाही सावरली. आपलंच चुकलं, हे तिनं मनाशी पक्कं केलं. सातव्यापर्यंत स्कूटर चालवली, खड्ड्यांतून गेले, नोकरीचा हट्ट धरला, त्याची शिक्षा लेकीला झाली, असं म्हणायची. नोकरी सोडली. स्कूटर जिन्याखाली गेली ती गेलीच, वर ताडपत्री. लेक समजावून थकला. आणि मी? मी तिला लाडू करून घालायचे आणि म्हणायचे, “असं मनाला लावून घेऊ नये गं.” तिच्या डोक्यावरचं ओझं माझं आहे हे माहीत असताना, वर समजूत घालायचे. तीन वर्षं! स्वतःची लाज वाटते म्हणजे काय, ते मी ह्या तीन वर्षांत शिकले.

यंदा बालवाडीच्या गॅदरिंगला नातीला राणी करायचं ठरलं. सून म्हणाली, “डोहाळजेवणाचे दागिने आहेत की, तेच बेतू.” कपाटावरून खोका काढला. मुकुट नातीच्या नाकापर्यंत उतरला, मायलेकी खिदळल्या. मग तिनं कमरपट्टा उलटा केला आणि थांबली. पिन गंजून पट्टीवर तांबडा डाग पडला होता.

“आई, हे एवढं दुमडून पिन का मारलीय? तुम्ही तर कधी माप चुकत नाही.”

काहीही सांगता आलं असतं. घाई झाली होती, म्हणता आलं असतं. पण त्या ‘माप चुकत नाही’नं माझं तोंडच बंद केलं, आणि मग उघडलं ते सगळंच बाहेर आलं. चार बोटं, लोकर, मावशी, जिलेबी, दिलेला शब्द, डॉक्टरांना ‘नाही’, मावशींना ‘हो’. नात मध्येच धनुष्यबाण घेऊन माझ्या पाठीवर बाण मारत होती.

सुनेनं पिन काढली. दुमड उलगडली. आतलं कापड अजून हिरवंगार होतं. तिनं त्यावर आपली चार बोटं ठेवून बघितली.

“मला तेव्हा का नाही सांगितलंत?”

“कार्यक्रम मोडेल म्हणून.”

“आणि नंतर?”

“तू माझ्याशी नातं तोडून टाकशील म्हणून.”

ती म्हणाली, “मी रोज झोपताना तो रस्ता आठवते, आई. कुठल्या खड्ड्यात गाडी जोरात आपटली, ते शोधत असते.” एवढं बोलून ती नातीला घेऊन आत गेली. जाताना कमरपट्टा माझ्या मांडीवर ठेवला.

दोन दिवस कामापुरतं बोलणं. तिसऱ्या दिवशी सकाळी जिन्याखाली खडखड ऐकू आली म्हणून गेले. तिनं ताडपत्री काढली होती. पदर खोचून स्कूटर पुसत होती. किक मारून बघितली, पाच-सहा वेळा, पण ती कुठली चालू व्हायला! मग स्टँड काढून ढकलत फाटकाकडे निघाली. गॅरेज चढावर आहे. मी चपला घातल्या न घातल्या आणि मागून हात लावायला धावले.

ती थांबली. मागे वळून बघितलं, रागानं नाही, पण परक्यासारखं.

“राहू द्या,” म्हणाली. “मी नेते.”

आणि नेली.